धुराचा वास आणि हेरिंगचा हिशेब

संग्रहालयात आपण पाहायला जातो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रेट यार्मथच्या ‘टाईम अँड टाईड’ या संग्रहालयात मात्र डोळ्यांआधी नाकाला काम मिळते. १८५० च्या सुमारास बांधलेला हा मासे खारवून धुरी देण्याचा कारखाना १९८८ मध्ये बंद पडला आणि २००४ मध्ये तेथे सागरी वारशाचे संग्रहालय सुरू झाले. धुरी थांबून इतकी वर्षे लोटली, तरी काळवंडलेल्या भिंतींतून हेरिंग माशाचा वास अजून येतो.

इमारत न पाडता तिलाच मुख्य प्रदर्शित वस्तू केले, हे या संग्रहालयाचे मोठे यश. धुरीच्या उंच खोल्यांत खालून छपरापर्यंत लाकडी चौकटी आहेत. काठ्यांत ओवलेले मासे त्यांवर टांगत आणि खाली ओकच्या भुशाचा व ढलप्यांचा मंद विस्तव ठेवत.

पण हा खटाटोप कशासाठी? हेरिंग हा आपल्या तारलीचा नातलग, अतिशय तेलकट मासा. हंगामात त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सासुद्धा चरबी असू शकते. असा मासा दोन प्रकारे बिघडतो : जिवाणूंमुळे तो कुजतो आणि हवेतील ऑक्सिजनमुळे त्याची चरबी खवट होते. मीठ परासरणाने मांसातील पाणी ओढून घेते, त्यामुळे जिवाणूंची वाढ खुंटते. खवटपणावर उपाय धुरात आहे. लाकडातील लिग्निन तापून फुटते तेव्हा फिनॉल गटातील संयुगे तयार होतात आणि ती चरबीचे ऑक्सिडीकरण रोखतात. आपल्याकडे बोंबील उन्हात वाळतो. यार्मथच्या शरद ऋतूतील दमट हवेत उन्हाचा भरवसा नव्हता. त्याच धुरात कर्करोगकारक संयुगेही असतात, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

संग्रहालयाचा भर सामाजिक इतिहासावर आहे आणि तो योग्यच आहे. हंगामात बोटींमागोमाग किनाऱ्याने उतरणाऱ्या स्कॉटिश स्त्रिया तिघींच्या गटाने काम करत. दोघी मासे चिरून साफ करत, तिसरी ते मिठात पिंपात रचत. सुरी आणि मीठ यांपासून बचाव म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळत. आज आपल्याला आवडणाऱ्या वासामागे हे कष्ट होते.

माझी तक्रार वेगळी आहे. अशा वास्तूंत गतकाळाचे हळवेपण सहज दाटते आणि ‘मासा संपला, धंदा बुडाला’ एवढीच गोष्ट घेऊन पाहुणा बाहेर पडतो. घटनाक्रम तसा नाही. यार्मथचा हंगाम १९१३ मध्ये शिखरावर होता. खारवलेला बराचसा माल जर्मनी आणि रशियाला जाई. १९१४ चे महायुद्ध आणि १९१७ ची रशियन क्रांती यांनी ती बाजारपेठ मोडली. म्हणजे आधी गिऱ्हाईक गेले, मासा नव्हे! तरंगत्या जाळ्यांच्या ठराविक आसांतून लहान मासे निसटतही. पुढे वेढा घालणारी मोठी जाळी आली, मासळीचे पीठ करण्यासाठी पिल्लेही उपसली गेली आणि साठा कोसळला. १९७७ मध्ये उत्तर समुद्रातील हेरिंगच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. काही वर्षांच्या बंदीने साठा सावरला. पण यार्मथचा धंदा परतला नाही. साठा सावरणे आणि गावाचा रोजगार सावरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा संग्रहालयाने हा फरक ठळकपणे मनावर ठसवायला हवा.

शिक्षकांना त्यासाठी यार्मथला जायला नको. काकडीच्या फोडींचे दोन सारखे वाटे करा, एकाला मीठ लावा. तासाभराने सुटलेले पाणी निथळून दोन्ही पुन्हा तोला. मग जवळच्या बाजारातील सुक्या मासळीच्या विक्रेतीला विचारा : माल कुठून येतो, पूर्वी किती येई, आता कोण घेते? तिन्ही उत्तरे वेगवेगळी लिहून घ्या, म्हणजे एकाच कारणावर सगळा दोष टाकण्याची घाई होणार नाही.