भाड्याची कॅसेट आणि मोठ्यांचं कार्टून

रिचर्ड अ‍ॅडम्स यांच्या कादंबरीवरून मार्टिन रोझेन यांनी केलेला ‘वॉटरशिप डाउन’ १९७८ साली ब्रिटनमध्ये आला, तेव्हा सेन्सॉरने त्याला ‘यू’ दाखला दिला, म्हणजे सर्वांनी पाहावा असा. सशांची गोष्ट म्हणून पालक पुढे त्याची कॅसेट निर्धास्तपणे घरी आणत राहिले. मुलांना त्यात दिसलं ते फासकीत मान अडकून तोंडाला फेस आलेला ससा, बुजवलेल्या बिळात गुदमरणारं सगळं गाव आणि रक्ताने माखलेले जबडे. दाखला बदलून ‘पीजी’, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा असा, व्हायला २०२२ साल उजाडलं. तोवर अनेकांना लहानपणीच कळून चुकलं होतं की हाताने काढलेलं चित्रही मरणाबद्दल बोलू शकतं.

थिएटरच्या दारात वय विचारलं जातं, टीव्हीवर वेळेचं बंधन असतं. व्हिडिओ लायब्ररीतली फळी मात्र बऱ्याचदा नुसत्या रूपावरून लावलेली असे. कार्टून दिसलं की कार्टूनशेजारी. कॅसेट निवडली जायची ती वेष्टणावरच्या चित्रावरून, आणि एकदा पैसे मोजले की आवडो न आवडो, ती शेवटपर्यंत पाहिली जायची. नव्या चवी लागल्या त्या या सक्तीतून.

त्या फळीवर पोचलेला माल कुठून आला, हे पाहण्यासारखं आहे. जपानमध्ये १९८३ साली मामोरू ओशी यांची ‘डॅलोस’ ही मालिका टीव्ही आणि थिएटर दोन्ही टाळून थेट कॅसेटवर निघाली. या पद्धतीत प्रक्षेपणाची वेळ सांभाळायची नव्हती आणि टीव्ही प्रायोजकाची मर्जीही राखायची नव्हती. ‘मेगाझोन २३’सारखी कामं त्या मोकळिकीत झाली. पण जे टीव्हीवर दाखवता येत नाही तेच विकायचं, हा हिशेबही त्यासोबत आला, आणि रक्त व नग्नता यांचं प्रमाण वाढत गेलं.

मग आला कात्सुहिरो ओतोमो यांचा ‘अकिरा’ (१९८८). रात्रीच्या निओ-टोकियोतून मोटरसायकली सुसाट जातात आणि त्यांच्या मागच्या दिव्यांचे लाल पट्टे हवेत रेंगाळत राहतात. चित्रपटासाठी ३२७ रंग वापरले गेले, त्यातले कित्येक खास तयार केलेले, कारण जवळपास सगळी गोष्टच रात्री घडते. संवाद आधी ध्वनिमुद्रित करून ओठांच्या हालचाली त्याबरहुकूम काढल्या. जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये तेव्हा क्रम सहसा उलटा असे. व्हीएचएसवर लाल रंग फिसकटायचा, तरी या चित्रपटाचा दरारा कमी झाला नाही. ब्रिटनमध्ये १९९१ साली त्याची कॅसेट इतकी चालली की त्या बळावर ‘मांगा व्हिडिओ’ हे स्वतंत्र लेबल उभं राहिलं.

आणि इथेच गाडी घसरली. ‘मांगा’ने पोरांना हवा तो थरार ओळखला आणि तोच पुरवला. ‘उरोत्सुकिदोजी’ सेन्सॉरच्या कात्रीतून जाऊनही गाजला. योशिआकी कावाजिरी यांच्या ‘सायबर सिटी ओएडो ८०८’च्या इंग्रजी डबिंगमध्ये तर मुळात नसलेल्या शिव्या भरल्या गेल्या, वरच्या वयोगटाचा दाखला मिळाला की कॅसेट जास्त खपते, असा तो व्यवहार होता. मोठ्यांचं म्हणजे शिवराळ आणि रक्ताळलेलं, ही समजूत त्या वेष्टणांनी घट्ट केली. कावाजिरी यांच्या रेषेतली शिस्त आणि त्यांचे थंड निळे रंग यांकडे लक्ष जायला फार उशीर झाला.

तरी या फळीचं ऋण मोठं आहे. ओशी यांचा ‘घोस्ट इन द शेल’ १९९६ साली ‘बिलबोर्ड’च्या व्हिडिओ-विक्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. दिग्दर्शक वाचोवस्कींनी तोच निर्माता जोएल सिल्व्हर यांना दाखवून ‘मॅट्रिक्स’ (१९९९) कसा करायचा आहे ते समजावलं. अमेरिकी टीव्हीवर मोठ्यांसाठीचं ‘अ‍ॅडल्ट स्विम’ २००१ साली सुरू झालं तेव्हा पहिल्याच रात्री ‘काउबॉय बीबॉप’ होता. २००२ मध्ये बंद पडलेली ‘फॅमिली गाय’ ही मालिका तिथली पुनःप्रक्षेपणं आणि डीव्हीडीचा खप यांच्या जोरावर २००५ मध्ये परतली. मोठ्यांचं कार्टून पाहणारा हा प्रेक्षक वाहिन्यांना आयता मिळाला. त्याची तयारी कॅसेटवर झाली होती.

या फळीवर काय आलं नाही, तेही मोजायला हवं. ‘अकिरा’ ब्रिटनच्या घराघरांत शिरला त्याच १९९१ साली जपानमध्ये इसाओ ताकाहाता यांचा ‘ओन्ली यस्टरडे’ प्रदर्शित झाला. सत्तावीस वर्षांची ताएको टोकियोतल्या नोकरीतून सुट्टी काढून यामागाताला करडईची फुलं खुडायला जाते आणि तिला पाचवीतली ती स्वतः आठवत राहते. पहिल्यांदा घरी आणलेला अननस कसा कापायचा हे कुणालाच ठाऊक नसणं, मुलींच्या मासिक पाळीवरून वर्गात झालेली कुजबुज, वडिलांनी एकदाच मारलेली थप्पड. एवढ्या ऐवजावर हा चित्रपट उभा आहे आणि प्रौढ माणसाचं मन त्यात जितकं दिसतं, तितकं त्या काळच्या कुठल्याही गाजलेल्या कॅसेटमध्ये दिसत नाही. अमेरिकेच्या थिएटरांत तो २०१६ मध्ये लागला. तोवर १९९१ मधली पंधरा वर्षांची पोरं चाळिशीला आली होती, आणि त्यांची आवड केव्हाच पक्की झाली होती.