मृगया आणि चित्तस्थैर्य : कालिदासाच्या दोन शिकारप्रसंगांचा विचार

हरिणाच्या शिकारीत खरी कसोटी पाठलागाची नसते. सावज टप्प्यात येते, धनुष्य कानापर्यंत ओढले जाते आणि बाण सोडायचा की नाही हे एका श्वासाच्या अवधीत ठरवावे लागते, त्या क्षणाची ती असते. त्या वेळी छाती धडधडते, मूठ सैल पडते, आणि दृष्टी सावजावर इतकी खिळते की भोवतालचे काहीच दिसेनासे होते. या क्षणी मन शांत ठेवणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न कालिदासाने दोनदा हाताळला आहे : 'अभिज्ञानशाकुंतला'च्या पहिल्या दोन अंकांत आणि 'रघुवंशा'च्या नवव्या सर्गात. हे प्रसंग महाकाव्याच्या किंवा नाटकाच्या संकेतानुसार आलेली वर्णने म्हणून वाचण्याची आपल्याकडे रूढी आहे. त्यांत एक सुसंगत विचार आहे, हे दाखवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शास्त्राची भूमिका पाहू. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामज व्यसनांच्या यादीत मृगया पहिली येते. कौटिल्याची भूमिका काहीशी निराळी आहे. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात, मृगया ही द्यूताहून अधिक घातक आहे, असे पिशुनाचे मत तो प्रथम मांडतो. चोर, शत्रू, श्वापदे, वणवा, दिशाभूल, भूक, तहान अशी संकटे तिच्यात असतात, हा त्याचा आधार. कौटिल्य हे मत नाकारतो. मृगयेत व्यायाम घडतो. कफ, पित्त व मेद झडतात. स्थिर व चल लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव होतो. आणि क्रोधाच्या व भयाच्या वेळी पशूंचे चित्त कसे असते हे कळते, असे त्याचे प्रतिपादन आहे. १९०९ साली शामशास्त्रींनी हा ग्रंथ प्रकाशित केला, आणि कालिदासाने मृगयेची जी स्तुती केली आहे तिच्याशी त्यातील विधाने ताडून पाहणे सुलभ झाले. हे साम्य ढोबळ नाही. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती जे गुण सांगतो ते जवळजवळ याच क्रमाने येतात. रघुवंशाच्या नवव्या सर्गात दशरथ शिकारीस निघतो तेव्हाही चललक्ष्याचा सराव, पशूंच्या भय-रोषाच्या खुणांचे ज्ञान आणि श्रम जिंकल्याने येणारा शरीराचा चपळपणा, याच तीन कारणांसाठी सचिवांनी त्याला अनुमती दिली, असे कवी सांगतो.

येथपर्यंत कवी शास्त्राचा अनुवादक वाटतो. परंतु एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शास्त्राच्या या सूचीत पशूच्या मनाचे ज्ञान आहे. शिकाऱ्याला स्वतःच्या मनाचे ज्ञान होते, असे तीत कोठेही म्हटलेले नाही. कालिदासाची दृष्टी नेमकी या उणिवेवर आहे.

शाकुंतलाचा आरंभ घ्या. रथ भरधाव निघाला आहे आणि कृष्णसार पुढे धावत आहे. दुष्यंताच्या धनुष्याला बाण जोडलेला असतानाही तो हरिणाकडे अतिशय बारकाईने पाहत आहे : त्याची वळलेली मान, बाणाच्या भीतीने आक्रसलेले शरीर, दमल्याने उघड्या तोंडातून वाटेवर सांडणारे अर्धवट चघळलेले दर्भ. हे निरीक्षण एका शांत शिकाऱ्याचे आहे. आवेगाने आंधळ्या झालेल्याला दर्भाची काडी दिसत नाही. इतक्यात, बाणाच्या टप्प्यातील मृगाच्या आणि आपल्या मध्ये तपस्वी येऊन उभे राहिले आहेत, हे सारथी निदर्शनास आणतो. राजा तत्काळ घोडे आवरावयास सांगतो. हा आश्रमाचा मृग आहे आणि राजाचे शस्त्र आर्तांच्या रक्षणासाठी असते, हे ऐकताच तो जोडलेला बाण उतरवतो. तो वाद घालत नाही आणि निराशाही व्यक्त करीत नाही. अत्युच्च ताणाच्या क्षणीही दुसऱ्याचा शब्द कानात शिरावा आणि हाताने तो मानावा, याला कवी स्थैर्य म्हणतो. अचूक वेधाचे श्रेय येथे कवीने नायकाला दिलेलेच नाही.

आता नववा सर्ग. याच्या पहिल्या ५४ श्लोकांत द्रुतविलंबित वृत्त असून प्रत्येक श्लोकाच्या चौथ्या चरणात यमक साधले आहे. वसंतवर्णन आणि शिकारीची सिद्धता या शब्दलीलेतच होते. मात्र हरिणांचा कळप प्रत्यक्ष समोर येतो त्या ५५व्या श्लोकापासून वृत्त बदलते आणि यमकांची ती अखंड मालिका थांबते. पाडसे पुन्हापुन्हा स्तनाशी झोंबत असल्याने हरिणींची चाल अडखळते आहे, तोंडांत कुशांकुर आहेत आणि पुढे एक गर्विष्ठ कृष्णसार आहे. सावज समोर आल्यावर कवीने अलंकाराचा खेळ आवरता घेतला, हा योगायोग मानणे मला कठीण वाटते.

या सर्गात दशरथाच्या हाताविषयी शंका घ्यायला जागाच नाही. अंगावर झेपावणाऱ्या वाघांची तोंडे तो निर्भयपणे, सरावाने आलेल्या हस्तलाघवाने, क्षणात बाणांनी भरून टाकतो. जणू ते भातेच. असा हात दोन वेळा थांबतो. ज्याच्यावर नेम धरला त्या हरिणाच्या आड त्याची सहचरी येऊन उभी राहते, तेव्हा कानापर्यंत ओढलेला बाण राजा मागे घेतो. पुढे इतर हरिणांवर बाण सोडू पाहताना त्यांचे भेदरलेले चंचल डोळे बघून त्याला प्रियेच्या नेत्रविलासांची आठवण होते आणि घट्ट मूठ आपोआप सुटते. घोड्याजवळून उडालेल्या मोरालाही तो याच कारणाने सोडून देतो. त्या पिसाऱ्यात त्याला प्रियेचा केशपाश दिसतो.

टीकाकार येथे दशरथाच्या करुणेची प्रशंसा करतात, आणि ती अस्थानी नाही. तरीही कारणाकडे नीट पाहिले पाहिजे. बाण मागे घेतला तो राजा स्वतः प्रेमी असल्यामुळे, असे कवी स्पष्ट सांगतो. प्रत्येक वेळी त्याला थोपवणारी शक्ती सादृश्याची आहे, आणि सादृश्य डोळ्यांना दिसावे लागते. हा संयम खरा असला तरी परावलंबी आहे. समोर प्रियेची आठवण करून देणारी आकृती नसेल तेव्हा त्याला आधार उरत नाही.

पुढची घटना हेच सिद्ध करते. राज्याचा भार सचिवांवर टाकून राजा मृगयेच्या पूर्ण अधीन होतो. एकदा एका रुरु मृगाचा माग काढीत, सेवकांच्या नजरेआड होऊन, फेसाळलेल्या घोड्यावरून तो तमसेच्या तीरी पोहोचतो. घडा भरल्याचा आवाज येतो. तो हत्तीचा आहे अशा समजुतीने राजा शब्दवेधी बाण सोडतो आणि वेतांच्या आड असलेला मुनिपुत्र विद्ध होतो. डोळ्यांपुढे काहीच नव्हते, म्हणून मूठ सुटली नाही. हस्तलाघवाने आपले काम अचूक केले. ज्या सरावाची शास्त्राने स्तुती केली त्या सरावानेच घात केला. हत्ती मारणे राजाला निषिद्ध होते, आणि रजोगुणाने डोळे मिटले की जाणतेही आडवाटेला पाऊल टाकतात, हा निर्वाळा कवी तेथेच देतो.

वाल्मीकीशी तुलना केली की हा हेतू अधिक उघड होतो. रामायणातील अयोध्याकांडात ही कथा स्वतः दशरथ सांगतो : वर्षाकाळ, रात्रीचा अंधार, शरयूचा काठ, आणि कौसल्येशी विवाह होण्यापूर्वीचा तरुण राजपुत्र. वय आणि अंधार या दोन्ही सबबी तेथे आहेत. कालिदासाने ऋतू वसंत घेतला, नदी बदलली, राजाला प्रौढ व विवाहित केले आणि त्या क्षणी अंधाराचा उल्लेखही केला नाही. बाह्य कारणे अशी दूर सारल्यावर दोष केवळ आतल्या वेगाचा उरतो.

यावर एक आक्षेप संभवतो. दुष्यंताचा संयम तरी स्वतंत्र कोठे आहे? सारथ्याने दाखवले, तपस्व्यांनी अडवले, म्हणून तो थांबला. शिवाय दुसऱ्या अंकात, प्रियेला मुग्ध दृष्टिपात शिकवणाऱ्या हरिणांवर आपल्याला धनुष्य वाकवता येत नाही, असे तोही म्हणतो. आक्षेपाचा दुसरा भाग मान्य केला पाहिजे. तेथे दुष्यंत दशरथाच्याच भूमिकेवर उतरतो. पहिल्या भागाचे उत्तर असे की, शब्द कोणीही उच्चारला तरी तो त्या क्षणी ऐकू येणे ही ऐकणाऱ्याची योग्यता आहे. दुष्यंताजवळ सारथी होता. दशरथ मात्र सर्व सेवकांना मागे टाकून आला होता. 'थांब' म्हणू शकणारा कोणीही त्याने आपल्याजवळ राहू दिला नव्हता. एकाने कानाने ऐकून बाण उतरवला, दुसऱ्याने कानाने ऐकून बाण सोडला. ऐकलेल्याची शहानिशा करण्यास लागणारा एक क्षण दुसऱ्याच्या मनाजवळ नव्हता.

सारांश, कालिदासाच्या मते स्थैर्याच्या तीन पायऱ्या आहेत. हाताचे स्थैर्य सरावाने येते, आणि सेनापती तेवढेच जाणतो. हृदयाचे मार्दव सादृश्याने जागे होते, आणि दशरथापाशी ते विपुल आहे. तिसरे स्थैर्य विवेकाचे : लक्ष्य काय आहे हे निश्चित कळेपर्यंत ताणलेला बाण ताणलेलाच ठेवण्याची शक्ती. पहिल्या दोहोंवरून तिसरे गृहीत धरता येत नाही, आणि ज्याच्या हातात शस्त्र किंवा सत्ता आहे त्याने तर ते मुळीच धरू नये, हा या सर्गाचा आशय आहे. पुत्रशोकाचा शाप रामकथेला गती देतो, एवढ्यापुरताच हा प्रसंग शिकवला जातो. त्याआधीच्या शिकारवर्णनाकडे विद्यार्थ्यांनी त्या शापाचे कारण म्हणून पाहिले, तर यमकांनी नटलेला हा सर्ग किती गंभीर आहे हे त्यांच्या ध्यानी येईल.