कृष्णधवल प्रतिमांचें संकोचन आणि अस्सलाचें प्रामाण्य

जुनीं कागदपत्रें व दुर्मिळ ग्रंथ स्कॅन करून त्यांच्या डिजिटल प्रती ठेवण्याचा प्रघात आतां सर्वत्र पडला आहे, व तो स्वागतार्हच आहे. परंतु जागा वांचविण्यासाठीं या प्रती ज्या रीतींनीं आंखडून ठेवितात, त्यांची चिकित्सा करणें हें यंत्रज्ञाचें काम, संशोधकाचें नव्हे, अशी समजूत दिसते. ती आम्हांस मान्य नाहीं. अस्सल कोणतें व नक्कल कोणती याचा निवाडा करणें हाच ज्याचा व्यवसाय, त्यानें नक्कल कशी होते हें जाणलेंच पाहिजे.

संकोचनाची गरज खरी आहे. आठ इंच रुंद व अकरा इंच उंच पान इंचास ३०० बिंदु या मानानें घेतलें, तर त्यांत ७९,२०,००० बिंदु येतात. प्रत्येक बिंदु काळा कीं पांढरा एवढेंच नोंदलें तरी सुमारें दहा लक्ष बाइट लागतात. पानाचा बराच भाग कोरा असल्यामुळें ही नोंद पुष्कळ आंखडतां येते. क्षयरहित रीतींत उलगडल्यावर प्रत्येक बिंदु जसाच्या तसा परत मिळतो. फॅक्ससाठीं १९८४ सालीं ठरलेला ‘ग्रुप ४’ हा प्रकार असा आहे. तो प्रत्येक ओळ वरच्या ओळीशीं ताडून फरक तेवढा टिपतो. क्षययुक्त रीति डोळ्यांस सहसा न जाणवणारा भाग टाकून देते. १९९२ चें जेपेग हें छायाचित्रांसाठीं योग्य. काळ्या अक्षरांवर तें वापरलें तर कडांभोंवतीं मळकट डाग पडतात. पण हा दोष दिसतो, आणि दिसतो म्हणून वाचक सावध होतो.

आमचा आक्षेप आहे तो न दिसणाऱ्या दोषावर. २००० सालीं प्रमाण ठरलेल्या ‘जेबिग-२’ मध्यें दोन्ही रीतींची सोय आहे. पानावरील सुट्या आकृति वेगळ्या काढून त्यांचा कोश करावयाचा, एकसारख्या आकृतींपैकीं एकच ठेवावयाची, व इतरत्र तिचें स्थान मात्र नोंदावयाचें, अशी ही युक्ति आहे. मूळ आकृति व कोशांतील आकृति यांतील फरकही पूर्णपणें टिपून ठेविला, तर कांहीं हानि नाहीं. तो न टिपतां ‘जवळजवळ सारखी’ ती ‘तीच’ असें मानलें, म्हणजे एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर बसूं शकतें, आणि तेंही स्वच्छ व ठसठशीत!

ही भीति काल्पनिक नाहीं. २०१३ सालीं जर्मन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांस झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशांत तिन्ही खोल्यांचें क्षेत्रफळ १४.१३ चौरस मीटर दिसलें. मुळांत तें १४.१३, २१.११ व १७.४२ होतें. दुसऱ्या एका कोष्टकांत ६५ चे ८५ झाले होते. हलक्या प्रतीच्या स्कॅनिंगांतच असें घडतें, हें प्रथमचें स्पष्टीकरण पुढें टिकलें नाहीं, व कंपनीस दुरुस्ती पुरवावी लागली. २०१५ सालीं जर्मनी व स्वित्झर्लंड येथील नियामकांनीं अभिलेखांसाठीं ही रीति वर्ज्य ठरविली.

आमच्या लिपीस हा धोका विशेष आहे. शिरोरेषेमुळें छापील देवनागरींतील शब्द बहुधा एकच जोडलेली आकृति होतो. अंकांस मात्र शिरोरेषा नाहीं. ते सुटे उभे असतात, म्हणजे कोशांत जाण्यास सर्वांत आधीं तयार! १ आणि ९ यांत फरक तो केवढा? आणि इतिहासाचा कणा तर याच अंकांचा. शिवजन्माचा शक पूर्वीं १५४९ मानीत, लो. टिळकांनीं १९१६ सालीं उजेडांत आणलेल्या जेधे शकावलींत तो १५५१ निघाला, आणि दोन अंकांच्या फरकावर केवढा वाद माजला हें वाचक जाणतातच. असे अंक यंत्रानें बदलले, तर कोणत्या पाठचिकित्सेनें तें ओळखावें? लेखकूचा प्रमाद हस्ताक्षरावरून किंवा शाईवरून कधीं उमगतो. येथें मागमूसही उरत नाहीं.

तथापि न्यायानें हें सांगितलें पाहिजे कीं, दोष साऱ्या जेबिग-२ चा नाहीं, तर त्यांतील क्षययुक्त वापराचा आहे. शिवाय ‘ग्रुप ४’ म्हणजे निर्दोष प्रत असेंही नव्हे. कागद निव्वळ काळा-पांढरा करतांना फिकट शाई, पुसट शिक्का, मागील पानाची उमटलेली छटा यांचा निकाल संकोचनाच्या पूर्वींच लागतो. गेलेली छटा कोणतीही क्षयरहित रीति परत आणूं शकत नाहीं. मोडी पत्रांत तर हात न उचलतां लिहिण्याकडे कल असल्यामुळें दोन आकृति क्वचितच तंतोतंत जुळतात. तेथें कोशाचा लाभ थोडा व जोखीम मात्र पुरी.

सबब आमचें मत असें कीं, जतनाची प्रत रंगीत अथवा करड्या छटांची व क्षयरहित असावी. कृष्णधवल प्रत केवळ वाचण्याच्या सोयीची समजावी. आणि प्रत्येक प्रतीच्या नोंदींत संकोचनाची रीति स्पष्ट लिहावी. ज्या प्रतीची रीति ठाऊक नाहीं, तिच्यांतील अंकांवर मूळ कागदाशीं ताडल्यावांचून तिथिनिर्णय करूं नये. जागा पुढें आणखी मिळेल. बदललेला अंक मात्र, मूळ कागद नष्ट झाल्यावर, कोणासही परत मिळणार नाहीं.