वलंदेजांच्या किल्ल्यात आपण काय बघतो?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, श्रीलंकेची सहल करून आलात, गॉलचा किल्ला कसा वाटला? आज त्याचंच उत्तर देऊ. उत्तर थोडं कडू आहे.

गॉल आपल्याला माहीत आहे ते क्रिकेटमुळे. मैदानामागे तटबंदी दिसते, तोच हा किल्ला. १६४० मध्ये डचांनी, म्हणजे आपल्या जुन्या कागदांतल्या वलंदेजांनी, तो पोर्तुगीजांकडून घेतला. जुन्या दरवाजाच्या आतल्या बाजूला त्यांच्या कंपनीचं चिन्ह आहे, दोन सिंह, वर कोंबडा आणि १६६९ हे साल. बाहेरच्या बाजूला मात्र इंग्रजांचं राजचिन्ह. मालक बदलला की पाटी बदलते, हे एकाच दगडी दरवाजावर वाचता येतं. १९८८ पासून हा जागतिक वारसा आहे. गल्ल्या स्वच्छ, घरं रंगवलेली, जुन्या डच दवाखान्यात आता दुकानं नि उपाहारगृहं. बघायला सुंदर आहे, यात वाद नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. दोन तासांच्या फेरीत आम्हाला तटाची रुंदी कळली, १७५५ चं चर्च कळलं, भरती-ओहोटीच्या पाण्याने गटारं धुण्याची युक्ती कळली. हे सगळं ज्याच्यासाठी उभं राहिलं, ती दालचिनी फक्त चहात भेटली. दालचिनीची मक्तेदारी कंपनीकडे होती आणि साल सोलून देण्याची सक्ती सालगम जातीच्या लोकांवर. कोलंबोत डच ज्या भागात गुलाम ठेवत, त्याला इंग्रजीत पुढे ‘स्लेव्ह आयलंड’ असंच नाव पडलं. त्या गुलामांत आपल्या किनाऱ्यांवरून नेलेली माणसंही होती. आमच्या फेरीत यातला एक शब्दही निघाला नाही. वारसा म्हणजे भिंत, असं एकदा ठरलं की भिंत उचलणारे हात गळून पडतात.

आता म्हणाल, हे आपल्याला काय सांगता? सांगतो. वलंदेज आपल्याकडेही होते. १६३७ च्या सुमारास त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली, गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला. तिथून गेलेल्या डच पत्रांत शिवकाळाच्या बातम्या सापडतात. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए १६४८ मध्ये वेंगुर्ल्याहूनच डच जहाजाने बाताव्हियाला गेला. हाच ताव्हेर्निए, ज्याने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवराने लादलेल्या तीनशेहून जास्त गाड्या बघितल्याचं लिहिलंय. मकबऱ्याची गोष्ट सांगताना आपण त्याचा दाखला देतो, पण त्याच्या वेंगुर्ल्याचं नाव कधी काढत नाही. ती वखार आज पडझड झालेल्या भिंतींत उभी आहे. गॉलला विमानाने जाणाऱ्यांपैकी किती जण तिथे एसटीने गेलेत?

आणखी एक. आपलं शहर १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलं मलिक अंबरने. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनला आलेला माणूस. त्याच्या नहरीची कौतुकं आपण पाहुण्यांना ऐकवतो, पण हिंदी महासागरातल्या ज्या गुलामांच्या व्यापाराने तो इथे पोचला, त्याबद्दल आपणही गप्पच असतो. मग गॉलच्या गाइडला कुठल्या तोंडाने दोष द्यायचा? आपल्याच गावात आपण त्याच्यासारखेच गाइड आहोत.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. गॉलला जरूर जा, वेंगुर्ल्यालाही जा. कुठेही गेलात तरी ‘कुणी बांधलं’ या प्रश्नावर थांबू नका. पुढे विचारा, कुणाकडून बांधून घेतलं, कशासाठी, आणि त्यांना काय मिळालं? आणि हे प्रश्न पहिल्यांदा आपल्या दरवाजांपाशी, पाणचक्कीपाशी विचारून बघा. तिथे विचारायची सवय लागली, की परमुलखात आपोआप सुचेल.

असो. वेळ झाली. आता तुमचे प्रश्न घेऊ.