‘स्ट्रेंजर दॅन पॅराडाइज’चे पार्श्वसंगीत : ‘मिश्रण’ या संज्ञेची मर्यादा

जॉन ल्युरी यांच्या चित्रपटसंगीताचे वर्णन अभिजात, जॅझ आणि पंक यांचे ‘मिश्रण’ असे सर्रास केले जाते. ही संज्ञा दिशाभूल करणारी आहे. १९७८ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या त्यांच्या ‘लाउंज लिझर्ड्स’ या वाद्यवृंदात सॅक्सोफोनची जॅझ वळणे आणि आर्टो लिंडसे यांच्या गिटारचा बेसूर खणखणाट शेजारी शेजारी नांदत. थेलोनियस मंक यांच्या रचनाही तेथे याच धसमुसळेपणाने वाजविल्या गेल्या. ‘नकली जॅझ’ हे ल्युरी यांनीच सहज उच्चारलेले विशेषण पुढे त्यांना कायमचे चिकटले.

जिम जार्मुश यांच्या ‘स्ट्रेंजर दॅन पॅराडाइज’ (१९८४) मध्ये हा सारा गोंगाट मावळतो. उरते केवळ तंतुवाद्यांचे चतुष्क. बार्तोक यांची आठवण करून देणारे त्याचे संथ, विसंवादी स्वर पात्रांच्या भावना उलगडून सांगत नाहीत. चित्रपटातील प्रत्येक दृश्य एकाच शॉटमध्ये घडते व त्यानंतर पडदा काळा होतो. संगीतही तसेच तुटक आहे. पंकचा वारसा येथे आवाजात नसून प्रेक्षकाला गोंजारण्यास दिलेल्या नकारात आहे. जॅझ तर जवळजवळ गैरहजरच, आणि नेमकी हीच बाब ‘मिश्रणवादी’ समीक्षेच्या नजरेतून निसटते. एव्हाच्या टेपरेकॉर्डरवरील स्क्रीमिन जे हॉकिन्स यांचे गाणे हा चित्रपटातील सर्वांत ऊबदार स्वर. तो विलीला, म्हणजे ल्युरी यांनीच साकारलेल्या पात्राला, मुळीच रुचत नाही.

‘गेट शॉर्टी’ (१९९५) च्या गुळगुळीत संगीताला ‘मिश्रण’ ही संज्ञा शोभून दिसते. ग्रॅमीचे नामांकनही त्यालाच मिळाले.