रिकामा फुगा वाचताना

‘चित्रे पाहणे म्हणजे वाचन नव्हे, मुलाच्या हाती खरे पुस्तक द्या,’ असा सल्ला आम्ही काही वर्षांपूर्वी एका मातेला दिला होता. सीसी बेल या अमेरिकन लेखिकेचे ‘एल डेफो’ वाचल्यानंतर तो सल्ला आम्हांला मागे घ्यावा लागत आहे.

अमेरिकेतील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत प्राथमिक शाळेतील मुलांसाठी ग्राफिक नॉव्हेलची, म्हणजेच चित्रकादंबरीची, वाचनमंडळे चालतात. मुले एकच पुस्तक घरी वाचतात आणि ठरल्या दिवशी ग्रंथपालांसमवेत बसून त्याविषयी बोलतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेले ‘एल डेफो’ अशा मंडळासाठीच जणू घडले आहे. २०१५ साली त्याला न्यूबेरी सन्मान लाभला. पुढे २०२० मध्ये जेरी क्राफ्ट यांच्या ‘न्यू किड’च्या रूपाने एका चित्रकादंबरीला न्यूबेरी पदक प्रथमच मिळाले.

ही लेखिकेच्या बालपणाचीच कथा. चार वर्षांची असताना मेनिंजायटीसच्या आजारात सीसीची श्रवणशक्ती जाते. शाळेत ती छातीवर एक मोठे श्रवणयंत्र बांधून जाते. शिक्षिकेच्या गळ्यातील मायक्रोफोनमुळे बाई वर्गाबाहेर गेल्या तरी त्यांचा आवाज तिला ऐकू येतो. या अनाहूत सामर्थ्यातून ती मनातल्या मनात ‘एल डेफो’ नावाची वीरांगना बनते. पुस्तकातील सारी पात्रे ससे आहेत. लांब कानांच्या या जगात आपलेच कान काम करीत नाहीत असे तिला वाटते, हे सांगायला लेखिकेला एकही वाक्य खर्चावे लागत नाही.

परंतु पुस्तकाची खरी किमया संवादाच्या फुग्यांत आहे. यंत्राची बॅटरी संपत आली की फुग्यातील अक्षरे फिकट होत जातात. ऐकू येईनासे झाले की फुगा रिकामाच उरतो. ‘तिला ऐकू आले नाही’ हे शब्द वाचणारे मूल पुढे सरकते. रिकामा फुगा पाहणारे मूल मात्र अडते, बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहते, तर्क लढविते. सीसीला दिवसभर हेच करावे लागते.

चित्रकादंबरी एका बैठकीत संपते, हाच तिचा धोका. घाईने पाने उलटणाऱ्या मुलाला हा फुगा दिसेलच असे नाही. मंडळाचे प्रयोजन येथे आहे. ‘या फुग्यात काय असेल?’ असा एकच प्रश्न विचारला, तर दहा मुले दहा उत्तरे देतील, आणि त्यासाठी त्यांना एकमेकांचे ऐकावे लागेल.

आमची एक तक्रार आहे. शेवटाकडे सीसी यंत्राच्या साहाय्याने बाई परत येत असल्याची सूचना वर्गाला देते आणि सर्वांची लाडकी होते. मग मुलांनी तिला स्वीकारले, की तिच्या उपयोगाला? लेखिका हा प्रश्न मोकळेपणाने विचारीत नाही. मात्र दुरावलेल्या मार्थाला सीसी आपले गुपित सांगते, तेथे उपयोगाचा हिशेब नाही, केवळ मैत्री आहे. या दोन प्रसंगांतील अंतर मुलांनी स्वतः शोधावे. लेखिकेने शेवटच्या टिपणात बधिर व्यक्तींचे अनुभव व मार्ग निरनिराळे असतात हे नमूद केले आहे. तेही मोठ्यांनी मुलांना आवर्जून वाचून दाखवावे.

आपल्याही घरांत कानामागे यंत्र लावणारी मुले आहेत. त्यांच्याशी आपण मोठ्याने, तुटक बोलतो आणि त्यालाच सौजन्य समजतो. या पुस्तकातील जिनी ही मैत्रीण नेमके तेच करते, आणि सीसीला ते किती लागते हे तिच्या चेहऱ्यावर उमटते. तो चेहरा आम्हांला पन्नाशी ओलांडल्यावर भेटला. त्या मातेच्या मुलाला तो आठव्या वर्षीच भेटू शकला असता. आम्हीच आड आलो.