पत्त्यांतले गणगोत

खेळाच्या पानाकडे कलाकृती म्हणून पाहण्याची सवय आपल्या समीक्षेला फारशी लागली नाही. चित्रकलेच्या जाणकाराने ते करमणुकीचे सामान म्हणून बाजूला सारले, आणि डावात रंगलेल्या गड्याला हातात कोणते पान आले एवढे कळले की पुरे असल्याने, ते कोणी व कसे रंगविले याची चौकशी त्याने कधी केली नाही. तथापि गेल्या तीन दशकांत अद्भुतसृष्टीवर आधारलेले जे खेळ जगभर रुजले, आणि ज्यांत प्रत्येक खेळाडू पाने विकत घेऊन वा अदलाबदल करून आपला कॅट आपणच बांधतो, त्यांनी या उपेक्षित कलेपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने मांडला आहे. पिशाच्चांची, जलमानवांची, राक्षसांची एकेक टोळी कल्पावयाची आणि तिची पाने अशा युक्तीने रचावयाची की एकत्र येताच त्यांचे बळ वाढावे, हे या खेळांतील रचनाकाराचे एक प्रमुख काम होय. टोळी ही नावाने होते, वेषाने होते, की घटकांना परस्परांशी जखडणाऱ्या नियमाने होते, याचा निवाडा त्याला पानागणिक करावा लागतो. आणि हा निवाडा कसा करावा याचा उत्तम नमुना आपल्या गंजिफात, म्हणजे हाताने रंगविलेल्या पत्त्यांच्या जुन्या खेळात, फार पूर्वीच सिद्ध झालेला आहे.

अकबराच्या दरबारातील अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या आणि एकशे चव्वेचाळीस पानांच्या गंजिफाचे जे वर्णन दिले आहे, ते दरबारी दप्तराच्या शिरस्त्याने लिहिलेले असूनही कल्पनाशक्तीला चकित करणारे आहे. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशा लौकिक सत्तांपासून आरंभ करून तो सुरपती, असुरपती, वनपती आणि अहिपती यांच्यापर्यंत येतो. गजपती म्हणजे ओरिसाच्या राजासारखा हत्तींच्या बळावर राज्य करणारा, नरपती म्हणजे विजापूरकरांसारखा पायदळावर विसंबणारा. आणि त्यांच्याच पंक्तीला वनपतीच्या रंगात वाघ राजा व बिबळ्या वजीर, तर अहिपतीच्या रंगात अजस्र सर्पावर आरूढ झालेला नागराज. प्रत्येक रंगाला एक राजा, एक वजीर आणि एकापासून दहापर्यंत प्रजा, ही घडण सर्वत्र सारखीच. परंतु सहा रंग सबळ व सहा दुर्बळ मानलेले असून, सबळ रंगांत दश्शी वरचढ ठरते, तर दुर्बळ रंगांत एक्का. सैन्याच्या संख्येवर चालणाऱ्या राज्याचा न्याय एक, आणि रानातील श्वापदांचा वा पाताळातील नागांचा न्याय दुसरा, असा भेद खेळणाऱ्याला या एका उलट्या क्रमानेच जाणवत असला पाहिजे. येथे टोळीचे वेगळेपण चित्रावर संपत नाही, ते चालीत उतरते.

हाच संस्कार सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात अधिक भाविक रूप धारण करतो. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान व दहा पाने, अशी एकशे वीस वाटोळी पाने. चिंचोक्याच्या खळीने जाड केलेल्या चकतीवर रंग चढवून वर लाखेचा हात दिला की त्यांना जी झळाळी येते, ती पाहूनच पुष्कळांचे समाधान होते. पण हे पान नुसते पाहावयाचे नव्हे. दिवसा खेळावयास बसल्यास रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने आरंभ करावा आणि रात्री कृष्णाच्या राजाचा मान, असा जो दंडक आहे, त्यात सूर्यवंश आणि चंद्रवंश यांचे सारे पुराण काहीएक न सांगता खेळात शिरले आहे. ही विद्या जवळजवळ अस्तंगत होत असताना, विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराच्या आधाराने ती राजवाड्यात पुन्हा उभी केली, हे उपकार मोठेच. मात्र आज या गंजिफांचे गिऱ्हाईक बहुधा त्या काचेच्या कपाटात मांडण्यासाठी नेते. चित्र तगले, खेळ मात्र सुटला. आणि खेळ सुटला म्हणजे राजा व प्रजा यांचे नातेही केवळ संग्रहालयातील नातेवाईकांसारखे उरते.

पाश्चात्त्य खेळाचा प्रवास याच्या नेमका उलट झाला. 1993 साली रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ निर्माण केला, तेव्हा पहिल्याच संचात ‘लॉर्ड ऑफ अटलांटिस’ नावाचा जलमानवांचा अधिपती होता आणि त्याच्या कृपेने प्रत्येक जलमानवाचे बळ व दम एकेकाने वाढत असे. गंमत अशी की त्या संचात जलमानवांचे पान एकुलते एकच होते. सनद मिळाली, पण मुलूख नव्हता. पुढे 2007 सालच्या ‘लॉरविन’ या संचात मात्र आठ टोळ्यांभोवती अवघी सृष्टी रचली गेली, आणि कथांतून सालस ठरलेले एल्फ तेथे सौंदर्याच्या अहंकाराने कुरूपांचा द्वेष करणारे निघाले. रूढ प्रतिमेला दिलेला हा छेद मला या कलेतील प्रौढपणाचे लक्षण वाटतो, कारण टोळीला स्वभाव असतो तसा दोषही असतो, हे तेथे ओळखले गेले.

परंतु स्वभाव जन्माने ठरतो हे गृहीतक या कलेच्या मुळाशीच आहे आणि तिची खरी कसोटी तेथेच लागते. सारे गॉब्लिन उतावळे, सारे राक्षस निर्दय, असे म्हटल्याने कोणाचे वाकडे होत नाही. तोच साचा जित्याजागत्या माणसांवर बसविला की तो अन्याय होतो. 1871 साली इंग्रज सरकारने जो गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जो 1952 साली रद्द झाला, त्याने याहून निराळे काय केले? अवघ्या जमातीच्या नावापुढे एकच गुण, तोही अवगुण, सरकारी दप्तरात कायमचा छापून टाकला आणि त्या जमातीतल्या माणसांची हजेरी पोलीस पाटलाकडे लावली. त्याचा डाग आपल्या मराठवाड्यातील पारध्यांच्या पालावर अजून पुरता पुसलेला नाही. ‘मॅजिक’च्या चालकांनी 2020 साली वंशद्वेषाचा वास असलेली सात पाने मागे घेतली, त्यांत भटक्यांना उद्देशून केलेले ‘प्रदेश जिप्सीज’ हेही एक होते. आणि पुढे टोळीच्या पानांसाठी वापरली जाणारी ‘ट्रायबल’ ही संज्ञाही त्यांनी सोडली. ही दुरुस्ती योग्यच, परंतु नाव गाळल्याने दृष्टी बदलतेच असे नाही.

आपल्याकडील प्रमाद याहून सौम्य, तरीही त्याच कुळातला. वारली चित्रांची छाप असलेले कॅट बाजारात मिळतात. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंताने जगापुढे नेलेली ती त्रिकोणी माणसे बदाम-इस्पिकाच्या कडेने नाचताना दिसतात. पण तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ न करता सर्वांनी फेर धरावा हा त्या नाचाचा जो कायदा, त्याचा खेळाच्या कोणत्याही चालीशी संबंध नसतो. वारली तेथे वेलबुट्टी होऊन बसतो. याउलट कोकणातील पिंगुळीच्या ठाकर आदिवासींनी, चित्रे दाखवून कथा सांगण्याच्या, चित्रकथीच्या पोथ्या स्वतः रंगविल्या आणि स्वतःच सांगितल्या. तेथे आदिवासी चित्राचा विषय नसून चित्राचा धनी आहे, आणि म्हणूनच ती कला उसनी वाटत नाही.

नवा रचनाकार आपल्याकडे निपजलाच तर त्याने परदेशी अरण्यांची वाट धरण्याचे कारण नाही. मराठवाड्यातील गेवराई तालुक्यात चकलांब्याच्या परिसरात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या भरू लागतात, तेव्हा टोळी कशाला म्हणतात याचा धडा रस्त्यावरच मिळतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस हिशेबात धरलाच जात नाही. मुकादम आधी उचल देतो आणि मग हंगामभर ती फेडून घेतो. कामास न गेल्यास खाड्याचा दंड बसतो. यातून पाने घडवावयाची तर दोन दुबळी पाने जोडीनेच मोजली जावीत, आणि मुकादमाच्या पानाने आरंभी भरपूर बळ देऊन पुढे प्रत्येक फेरीला त्याची वसुली करावी. अशा टोळीतून खेळणाऱ्याला जी चणचण जाणवेल, ती पानावर नुसते कोयत्याचे चित्र काढून कदापि जाणवणार नाही. रेखाटनासाठी चकलांब्यापासून फार लांब नसलेल्या पैठणच्या चित्रकथी शैलीतील टपोऱ्या डोळ्यांची माणसे आहेतच. मात्र हा नियम ठरविताना ज्याने फडात कोयता चालविला आहे त्याचा हात त्यात असावा, अन्यथा दुःखाचाही अलंकार व्हावयास वेळ लागत नाही.

सारांश, आजमितीस ही कला दोन अर्ध्या भागांत विभागलेली आहे: आपल्याकडे हातची चित्रे आहेत पण डाव नाही, आणि पश्चिमेकडे डाव जोरात आहे पण त्यातील बहुतेक चित्रे भराभर काढलेली व एकसाची. सावंतवाडीच्या कारागिराने पानासोबत खेळाचे नियमही मराठीत छापून द्यावेत, चार पोरांना बसवून डाव शिकवावा, आणि नव्या रचनाकाराने त्या उलट्या-सुलट्या क्रमाचा अभ्यास करूनच आपली टोळी बांधावयास घ्यावी. पानावरील राजा प्रजेला काय देतो आणि तिच्याकडून काय घेतो याचे उत्तर ज्या कॅटमध्ये खेळता खेळता मिळेल, तोच या कलेतील पुढचा टप्पा ठरेल.